ई२० वर प्रोजेक्ट घेताय? सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे वाचा

मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइल शाखेत शेवटच्या वर्षाचे विषय ठरू लागले की इथेनॉलचा नंबर हमखास लागतो. कारण उघड आहे. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली इथे चाचणीपुरते सुरू झालेले इथेनॉलमिश्रण २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांवर पोहोचले. विषय ताजा आहे, गाईडना पसंत पडतो आणि खऱ्या इंजिनापेक्षा संगणकावर काम करणे स्वस्त पडते. मग प्रश्न सुरू होतात आणि ते दरवर्षी जवळपास तेच असतात. अ‍ॅन्सिस घ्यावे की कन्व्हर्ज? इथेनॉलच्या रासायनिक क्रियांची फाइल कुठून आणायची? आलेख तर आला, पण तो बरोबर आहे कशावरून?

यातला सॉफ्टवेअरचा प्रश्न आधी घेणारे गट बहुधा दुसऱ्या सत्रात अडकतात. हातात रंगीत चित्रे असतात, पण त्यातून काय सिद्ध करायचे हे ठरलेले नसते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

आधी प्रश्न, मग मॉडेल

ठिणगीवर पेटणाऱ्या इंजिनातल्या ज्वलनाचे मॉडेल एका पानाच्या गणितापासून महिनाभर चालणाऱ्या सिम्युलेशनपर्यंत कसलेही असू शकते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असे सर्वांत लहान मॉडेल निवडा.

- शक्ती, खप, कार्यक्षमता किती बदलेल? सिंगल-झोन मॉडेल पुरते. सिलिंडरमधला सगळा वायू एकजीव धरायचा आणि इंधन किती अंशांत किती जळाले हे वीबे फंक्शनने सांगायचे. पायथनमध्ये हे दोनेकशे ओळींत होते.
- ठिणगी किती अंश आधी द्यावी? टू-झोन मॉडेल हवे. जळालेला आणि न जळालेला वायू वेगळा ठेवून मध्ये ज्योतीचा वेग घालावा लागतो. वीबे फंक्शनला ज्वलनाचा कालावधी तुम्हीच सांगता, त्यामुळे इथेनॉलने ज्वलन लवकर संपते का, हे त्यालाच विचारण्यात अर्थ नाही.
- नॉकिंग होईल का? टू-झोनच, पण न जळालेल्या भागाचे तापमान आणि दाब धरून तो आपोआप कधी पेटेल याचा हिशेब जोडावा लागतो.
- नायट्रोजनची ऑक्साइडे किती? टू-झोनपेक्षा कमी चालणार नाही. ही ऑक्साइडे जळालेल्या वायूच्या अति उष्ण भागात तयार होतात. सगळ्या सिलिंडरचे सरासरी तापमान घातले तर उत्तर शून्याजवळ येते आणि ते साफ खोटे असते.
- अ‍ॅसिटाल्डिहाइड किती निघेल? पूर्ण रासायनिक क्रियांची फाइल लागते.
- फवारा, भिंतीवर साचणारी ओल, सिलिंडरमधले भोवरे? इथे, आणि फक्त इथे, सीएफडी.

चार जणांचा बी.ई.चा गट आणि दोन सत्रांची मुदत असेल, तर टू-झोन मॉडेल हा सर्वांत चांगला पर्याय. त्याची प्रत्येक ओळ तुम्हाला समजते आणि तोंडी परीक्षेत तीच कामी येते. सीएफडी एम.टेक.साठी ठेवा, तेही प्रयोगशाळेत ते चालवणारा कोणी वरिष्ठ असेल तरच.

फक्त उष्मांक बदलून इथेनॉल होत नाही

सर्वांत जास्त आढळणारी चूक ही. पेट्रोलचे तयार मॉडेल घ्यायचे, उष्मांकाच्या जागी इथेनॉलचा आकडा टाकायचा आणि ‘इथेनॉलने शक्ती घटते’ असा निष्कर्ष काढायचा.

आकडे पाहा. एक किलो पेट्रोलमधून साधारण ४३.५ मेगाज्यूल उष्णता मिळते, इथेनॉलमधून २६.८. फरक मोठा आहे. पण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो. आता दर किलो हवेमागे किती उष्णता मिळते ते काढा: पेट्रोलचे २.९६ मेगाज्यूल, इथेनॉलचे २.९८. म्हणजे जवळपास सारखीच! इंजिन हवा ओढते आणि इंधन त्या हवेच्या मापाने सोडले जाते. त्यामुळे शक्ती फारशी हलत नाही, खप मात्र वाढतो. तुमच्या मॉडेलमध्ये इथेनॉलवर शक्ती पस्तीस-चाळीस टक्के घटलेली दिसत असेल, तर हवा-इंधन गुणोत्तर बदलायचे राहून गेले आहे.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. एक किलो हवेत मिसळायच्या १११ ग्रॅम इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे १०० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच हवेतल्या ६८ ग्रॅम पेट्रोलला साधारण २४ पुरतात. म्हणजे थंडावा चौपट. सगळी उष्णता हवेतूनच घेतली गेली असे धरले, तर हवा शंभरेक अंशांनी थंड व्हायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात बरीच उष्णता गरम व्हॉल्व्ह आणि भिंती पुरवतात. म्हणून हवेतून किती टक्के उष्णता गेली हा आकडा मॉडेलमध्ये उघडपणे ठेवा आणि तो बदलून उत्तर किती हलते ते अहवालात दाखवा. परीक्षक याच जागी बोट ठेवतात.

तिसरी गोष्ट ज्योतीचा वेग. इथेनॉलची ज्योत पेट्रोलपेक्षा काहीशी वेगाने सरकते, त्यामुळे ज्वलनाचा कालावधी थोडा आखडतो. मेटघालची आणि केक यांची १९८२ ची सूत्रे बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहेत. ती मिथेनॉल, आयसो-ऑक्टेन आणि इंडोलीन यांच्यावरच्या मोजमापांतून आली. इथेनॉल त्यांत नाही. इथेनॉलसाठी गुल्डर यांची १९८० च्या दशकातली सूत्रे वापरतात.

वीस टक्के कशाचे?

ई२० मधले वीस टक्के आकारमानाचे. संगणकाला मात्र बहुधा वजनाचे किंवा रेणूंचे प्रमाण हवे असते. इथे चूक झाली की पुढचे सगळे आलेख चुकतात आणि कुठे चुकले ते सापडत नाही.

एक लिटर ई२० घ्या. त्यात २०० मिली इथेनॉल, घनता ०.७८९, म्हणजे १५८ ग्रॅम. उरलेले ८०० मिली पेट्रोल ०.७४ घनतेने ५९२ ग्रॅम. वजनाने इथेनॉल २१ टक्के झाले, फारसा फरक नाही. आता रेणू मोजा. इथेनॉलचा रेणुभार ४६, पेट्रोलचा सरासरी १०० धरू. १५८ भागिले ४६ म्हणजे ३.४३ मोल, ५९२ भागिले १०० म्हणजे ५.९२ मोल. रेणूंच्या हिशेबात इथेनॉल ३७ टक्के! कॅन्टेरासारख्या प्रोग्रॅममध्ये मोल-प्रमाणाच्या जागी ०.२ लिहिले, तर तुम्ही ई१० च्या आसपासचे काहीतरी जाळत बसता.

वजनाच्या प्रमाणावरून मिश्रणाचे बाकीचे आकडेही निघतात. हवा-इंधन गुणोत्तर १३.५, उष्मांक दर किलोला ४०. लिटरच्या भाषेत ३२.२ ऐवजी ३० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे सात टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० वर जुळवलेल्या चारचाकींसाठी ई२० वर इंधन-कार्यक्षमतेत सहा ते सात टक्के घट अंदाजली आहे. तुमचे मॉडेल शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर येताना याच्या आसपास नसेल, तर पुढे जाऊ नका.

पंपावरचे पेट्रोल ‘शुद्ध’ धरू नका

प्रयोग करणार असाल तर हा सापळा मोठा आहे. पंपावरून पेट्रोल आणायचे, त्यात दहा टक्के इथेनॉल घालायचे आणि बाटलीवर ई१० लिहायचे. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आधीच वीस टक्के इथेनॉल आहे. ९०० मिलीमध्ये १८० मिली ते आणि वरून तुमचे १०० मिली, म्हणजे बाटलीत ई२८ आहे. तुलनेसाठी ज्याला तुम्ही शुद्ध पेट्रोल म्हणता, तेच मुळात ई२० आहे.

आणलेले इंधन आधी तपासा. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर १० वरून २८ च्या जरा अलीकडे आला, तर ते ई२०. काम मोकळ्या हवेत करा. जवळ ज्योत किंवा ठिणगी नको आणि बूच अधूनमधून सैल करून वाफ जाऊ द्या. इथेनॉलविरहित पेट्रोल हवे असेल तर ते कॉलेजच्या पत्रावर तेल कंपनीकडे मागावे लागते. इथेनॉलवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे, त्यामुळे ते प्रयोगशाळेच्या परवान्यावरच घ्या. ही पत्रे पहिल्याच महिन्यात टाका.

रासायनिक क्रियांची फाइल निवडताना

नवख्यांच्या हाती सर्वांत आधी लागते ती जीआरआय-मेक ३.०, कारण ती कॅन्टेरासोबतच येते. तिच्यात ५३ घटक आणि ३२५ क्रिया आहेत, पण ती नैसर्गिक वायूसाठी बनवलेली आहे. त्यात इथेनॉल नाही. नाव लिहिले की ‘असा घटक सापडत नाही’ असा एरर येतो. मिथेनॉल मात्र त्यात आहे, म्हणून तेच घालून पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळा.

शुद्ध इथेनॉलसाठी मारिनोव्ह यांची १९९९ ची फाइल प्रसिद्ध आहे, ५७ घटकांची. ज्योतीच्या वेगाला ती चालते. नॉकिंगला ती पुरेशी नाही, कारण ती उच्च तापमानाच्या ज्वलनासाठी रचलेली आहे आणि नॉकिंगचा निर्णय त्याआधीच्या मध्यम तापमानात होतो. ई२० साठी तर पेट्रोलचाही भाग हवा. पेट्रोल शेकडो घटकांचे असल्याने त्याच्या जागी आयसो-ऑक्टेन, हेप्टेन आणि टोल्युइन यांचे मिश्रण घेतात. नुसते आयसो-ऑक्टेन घेऊन नॉकिंगवर बोलणे धाडसाचे आहे. त्याचा ऑक्टेन १००, भारतातल्या साध्या पेट्रोलचा त्याहून कमी. मिलान पॉलिटेक्निकच्या क्रेक गटाच्या आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या फायली मोफत उतरवता येतात आणि त्यांत इथेनॉलसह हे घटक आहेत.

फाइल जुन्या केमकिन पद्धतीत असेल तर कॅन्टेरातल्या सीके२यामलने ती बदला. ज्योतीचा वेग काढायचा असेल तर सोबतची ट्रान्सपोर्ट फाइलही घ्या. ती राहिली की तासाभराची धडपड वाया जाते.

काम कोणत्या क्रमाने करावे

१. इंधनाशिवाय फिरणाऱ्या इंजिनाचे मॉडेल करा. त्यात फक्त दाबणे, पसरणे आणि भिंतीतून जाणारी उष्णता आहे. वोश्नी यांचे १९६७ चे सूत्र इथे येते. हा टप्पा जुळल्याशिवाय ठिणगी देऊ नका.

२. मग पेट्रोल. वीबे फंक्शनमध्ये हेवूड यांच्या पाठ्यपुस्तकातले ५ आणि २ हे स्थिरांक घेऊन सुरुवात करा. एका वेगाच्या, एका लोडच्या मोजलेल्या दाबाशी आलेख जुळवा.

३. आता स्थिरांकांना हात न लावता बाकीच्या वेगांवर आणि लोडवर मॉडेल चालवा. जिथे जुळत नाही ते तसेच दाखवा.

४. शेवटी इथेनॉल. फक्त इंधनाचे गुण बदला, बाकी काही नाही.

तिसऱ्या पायरीवर बहुतेक अहवाल घसरतात. प्रत्येक बिंदूला स्थिरांक नव्याने जुळवले, तर आलेख सुंदर जुळतात, पण मग मॉडेलने काहीच भाकीत केलेले नसते.

मोजलेला दाब तरी खरा आहे का?

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्सचा एक-सिलिंडरी, कॉम्प्रेशन रेशो बदलता येणारा संच असतो. किर्लोस्करचे इंजिन, ८७.५ मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, ६६१ घनसेंमी. पडद्यावर दाबाचा आलेख दिसतो म्हणून तो लगेच प्रमाण मानू नका. पिस्टन नेमका वर कधी पोहोचला, म्हणजे टीडीसी, ही नोंद एका अंशाने सरकली तरी आयएमईपी (फेरीतला सरासरी परिणामी दाब) काही टक्क्यांनी हलतो. इथेनॉलचा परिणाम म्हणून तुम्ही जो फरक शोधताय, तोही तेवढाच आहे.

तपासणी सोपी आहे. चालत्या इंजिनाचे आधी इंधन तोडा, मग इग्निशन, आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांचा दाब पाहा. (उलट क्रमाने केले तर न जळालेले मिश्रण गरम एग्झॉस्टमध्ये पेटू शकते.) सर्वांत जास्त दाब टीडीसीच्या किंचित आधी, साधारण अर्धा ते एक अंश, यायला हवा. टीडीसीनंतर आला तर नोंद चुकली आहे. दुसरी खूण: दाब आणि आकारमान यांचा लॉग-लॉग आलेख काढा. दाबण्याचा भाग सरळ रेषेत आणि १.३ च्या आसपासच्या उताराचा असायला हवा. रेषा वाकडी दिसली तर दाबाचा शून्य किंवा क्लिअरन्स आकारमान चुकले आहे. १० कॉम्प्रेशन रेशोला ते आकारमान या इंजिनात सुमारे ७३.५ घनसेंमी येते. गॅस्केट बदलले असेल तर पुन्हा मोजा.

एका फेरीचा दाब कधीही घेऊ नका. ठिणगीच्या इंजिनात दोन लागोपाठच्या फेऱ्या सारख्या नसतात. किमान शंभर फेऱ्यांची सरासरी घ्या आणि त्यांतला फरकही नोंदवा. आणखी एक मर्यादा लिहून टाका. हा संच साधारण १५०० फेऱ्यांना चालतो आणि मूळ रचना डिझेलची आहे. त्यावरून ६००० फेऱ्यांवर धावणाऱ्या मोटारसायकलविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही.

सॉफ्टवेअर: पैसे लागतातच असे नाही

कॅन्टेरा आणि ओपनफोम मोफत आणि मुक्त आहेत. ओपनफोम शिकायला मुंबईच्या आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाचे स्पोकन ट्युटोरियल उपयोगी आहेत. फॉसी विद्यार्थ्यांकडून केस स्टडीही करून घेते आणि प्रसिद्ध करते. बायोडेटात ते नाव चांगले दिसते. अ‍ॅन्सिसची मोफत विद्यार्थी आवृत्ती आहे, पण जाळीच्या आकारावर मर्यादा आहे, त्यामुळे हलत्या पिस्टनचे पूर्ण इंजिन त्यात कष्टाने बसते. कन्व्हर्ज आणि जीटी-पॉवर हे उद्योगात चालणारे. त्यांचे शैक्षणिक परवाने कॉलेजला मिळतात, एकट्या विद्यार्थ्याला नाही, म्हणून अर्ज विभागप्रमुखांमार्फत करा. क्रॅक केलेली प्रत नको. त्यावर काढलेले निकाल शोधनिबंधात छापणे म्हणजे चोरीचा कबुलीजबाब देणे, आणि कॉलेजला नोटीस येऊ शकते ती वेगळीच.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- अहवालाचा मजकूर आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम यांचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचा. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो. तरी विद्यापीठाचे बौद्धिक संपदा धोरण एकदा वाचून घ्या.
- शोधनिबंधावर ज्यांनी काम केले त्यांचीच नावे असावीत. क्रम काम सुरू होताना ठरवा आणि ईमेलवर लिहून ठेवा.
- यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई आहे. दुसऱ्याची रासायनिक फाइल किंवा सूत्र वापरले तर नाव द्या. ते न देणे हीच नक्कल.
- कच्चा डेटा स्वतःकडे ठेवा. संगणक प्रयोगशाळेतली डिस्क सुटीत साफ केली गेली तर दाद मागायला जागा नसते.
- कंपनीने पुरस्कृत केलेला प्रोजेक्ट असेल तर गोपनीयतेचा करार सही करण्याआधी वाचा. निकाल छापता येतील का आणि किती काळानंतर, हे त्यात स्पष्ट हवे. ‘कंपनीच्या लेखी परवानगीने’ एवढेच लिहिले असेल तर मुदत घालून मागा.
- काही नवे हाती लागले आणि पेटंट घ्यायचे असेल, तर परिषदेत निबंध वाचण्याआधी अर्ज करा. आधी प्रसिद्ध झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत सहसा नवी राहत नाही. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, म्हणून अर्ज कॉलेजच्या नावे करायचा असेल तर विभागप्रमुखांशी परिषदेची तारीख ठरण्याआधीच बोलून घ्या.